भुशाच्या पोत्यावर

मास्तरांच्या गाळ्यात 'बुटकी' हा शब्द चालत नसे. 'शॉर्ट'ही नाही, आणि 'माझी हाइट जरा कमी आहे हो' असं मान वाकडी करून लाजत सांगणंही नाही. कुणी चुकून बोललंच तर मास्तर हातातलं ब्लेड खाली ठेवत, नाड्याने बांधलेला चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कमी म्हणजे कोणापेक्षा कमी?" गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायला लागलं की ते स्वतःच निकाल देऊन टाकत, "तुझी उंची बरोबर आसा. सीट माजलेली आसा."

मला हा निकाल पहिल्याच दिवशी मिळाला आणि त्या दिवसापासून मी त्यांची झाले. आई मला 'आटोपशीर' म्हणते, ऑफिसातले 'पॉकेट एडिशन' म्हणतात आणि भाऊ जे म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी दोष माझ्यावरून उचलून दुसऱ्या कशावर तरी टाकला होता. मग ती मोटारसायकलची सीट का असेना.

मोटारसायकल मी हौसेने घेतली होती. चांगली जड, थोराड, सिग्नलला उभी असली तरी छातीत धडधड होईल अशी. चालवायला यायची मला झकास. अडचण फक्त थांबायची होती. थांबले की पायांची बोटं टेकायची, टाचा हवेत. एका बाजूला कलून, एक पाय टेकवून मी कसंबसं भागवायचे. गिरगावात आमच्या भागातल्या बायका गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटे बांधून, नथ घालून मोटारसायकली काढतात. त्यात मीही गाडी काढली. आता शोभायात्रेत गाडी चालवायची म्हणजे काय, तर थांबायचंच असतं. दहा पावलं पुढे, मग ढोल; पुन्हा पाच पावलं, मग फोटो. अशाच एका थांब्याला माझा पाय पेव्हर ब्लॉकच्या खळग्यात गेला आणि मी गाडीसकट शेजारच्या ताईंच्या अंगावर आडवी झाले. ताईंचा पाय मुरगळला. माझा फेटा सुटला. आणि मी जन्मले त्या वाडीच्या तोंडाशी, सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या असताना, लोकांनी मला उचलून बाजूला ठेवलं.

आमच्या पथकाच्या प्रमुख वहिनी. उंच, सडसडीत, आवाज खणखणीत. पुढच्या पाडव्याची तयारी सुरू झाली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ, तुझ्या चालवण्याबद्दल मला काही बोलायचं नाहीये. पण आदल्या दिवशीच्या रिहर्सलला दोन्ही पाय पूर्ण टेकलेले दाखव मला. टाचेसकट. नाही टेकले तर तू पायी चाल, ध्वज घे हातात. चालेल ना?"

चालणार नव्हतं. ध्वज धरून चालण्यात कमीपणा आहे असं नाही. पण मला पडलेली बघितलेल्या त्याच गॅलऱ्यांखालून मला गाडीवर बसून जायचं होतं. मला एवढंच हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की रात्री डोळा लागत नसे.

नायगावचा एक ओळखीचा हवालदार म्हणाला, "सीट खाली करून हवी तर लालबागला मास्तरांकडे जा. पण सांगून ठेवतो, भांडण होईल."

मला वाटलं, गंमत करतोय. पण भांडण ही मास्तरांची माप घेण्याची पद्धत होती. त्यांच्या गाळ्यात टेप नव्हती. पुलाच्या सावलीतला तो अरुंद गाळा. एका बाजूला शिलाई मशीन, भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे आणि मधोमध एक लाकडी घोडी. घोडीवर भुशाने भरलेलं पोतं आडवं टाकलेलं. भुसा रे रोडच्या लाकडाच्या वखारींतून यायचा आणि तो मास्तर स्वतः निवडून आणायचे. "सागाचा भुसा बसता. बाकीचा नुसता उडता," असं त्यांचं मत. तो उडू नये म्हणून पंखा कायम बंद. गिऱ्हाइकाने त्या पोत्यावर मोटारसायकलवर बसल्यासारखं बसायचं, मास्तरांनी त्याच्याशी बोलत राहायचं, आणि पुरेसं झालं की त्याला उतरवून भुशात पडलेला खळगा बघायचा. हाच नकाशा. त्यावरून सीट.

"माणूस बसायला सांगितल्यावर बसत नाही," ते मला नंतर कधीतरी म्हणाले, "तो पोझ देतो. बसलोय हे विसरला की खरा बसतो."

आणि विसरायला लावायचा त्यांचा हुकमी उपाय म्हणजे वाद उकरून काढणं. मी पोत्यावर बसले, तर पहिला प्रश्न, "गिरगावात मासे खातत?"

"खातात म्हणजे? अहो मास्तर, रोज खातो आम्ही."

"श्रीखंड खाणारी माणसं तुम्ही. बांगड्याचो काटो गळ्यात अडकलो तर डॉक्टराक फोन लावतास."

झालं. मी माझ्या आजोळची तिखलं काढली, आईच्या हातचं सुक्या जवळ्याचं कालवण काढलं, लालबागच्या एका खानावळीत मला एकदा शिळी सुरमई मिळाली होती तिचाही उद्धार केला. हातवारे करत मी तावातावाने बोलत होते आणि मास्तर 'हूं, हूं' करत खाली वाकून माझ्या टाचा बघत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "उतर." मी म्हटलं, "आधी कबूल करा." ते म्हणाले, "काय ता?" भांडण कशावरून सुरू झालं हेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

राग आला किंवा कुणाची माया आली की मास्तर मालवणीत शिरत, एरवी तुमच्याआमच्यासारखं बोलत. त्यामुळे ते मालवणी बोलायला लागले की दोन्हींतलं नक्की काय चाललंय हे समोरच्याला कळत नसे. मला वाटतं, त्यांनाही दर वेळी कळत नसावं.

मला तिथे पाठवणाऱ्या हवालदाराची तऱ्हा त्यांनीच मला रंगवून सांगितली होती. त्याला क्रिकेटवरून छेडलं, तर तो इतका भडकला की पोत्यावरून उतरून तडक निघूनच गेला. मास्तरांनी खळगा बघितला, म्हणाले "झालं", आणि कामाला लागले. काही दिवसांनी हवालदार उरलेलं भांडायला परत आला तर सीट तयार. तो तसाच सीट घेऊन गेला, आणि वाद अजून बाकी आहे असं अधूनमधून येऊन सांगत राहिला.

हरले ते एकाच गिऱ्हाइकापुढे. माझगावच्या एक ख्रिस्ती आँटी होत्या, ऑफिसातून रिटायर झालेल्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या. स्कूटरच्या सीटसाठी आल्या होत्या. मास्तर काहीही बोलले की त्या म्हणायच्या, "खरं आहे तुमचं, मास्तर." मासे, राजकारण, आजकालची मुलं, सगळ्याला "खरं आहे". अशा बाईशी भांडायचं कसं? दुपार होत आली तरी त्या पोत्यावर ताठ. शेवटी मास्तरांनी हात टेकले आणि म्हणाले, "मग तुमच्या देवाचं एक गाणं तरी म्हणा." आँटींनी डोळे मिटले, गायला लागल्या, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांची पाठ सैल पडली. ही हकीगत सांगताना मास्तर ते गाणं गुणगुणत. शब्द सगळे चुकीचे, सूर मात्र बरा होता.

त्यांचा अहंकार काही कमी नव्हता, हेही सांगायला हवं. मंडळाच्या गणपतीच्या मागचे लोड ते शिवत, म्हणून "बाप्पाची बैठक आमच्याकडून जाते" हे वाक्य दिवसातून एकदा तरी यायचंच. दुसऱ्या कुणाची शिवण बघितली की तोंड आंबट. दोन फोम चिकटवले की सोल्युशन वाळेपर्यंत सीट रात्रभर ठेवायलाच लागे, पण 'सोल्युशन वाळू दे' असं साधं म्हणतील तर शपथ. "सीटला झोप पाहिजे." झोपेच्या वेळेआधी कुणी सीट मागायला आलं तर ते गाळ्याच्या दारात आडवे उभे राहत आणि आत कुणी आजारी असल्यासारखे हळू आवाजात बोलत.

आता तो गाळा राहिला नाही. तिथे पत्रे लागलेत आणि पत्र्यांच्या आत टॉवर चढतोय. मास्तर कणकवलीच्या बाजूला गावी गेले. तिथे ते काय करतात ठाऊक नाही, पण गावातली निम्मी माणसं त्यांच्याशी बोलत नसतील आणि उरलेली निम्मी संध्याकाळी त्यांच्याच पडवीत बसत असतील, अशी माझी खात्री आहे.

तर माझी सीट. ती झोप काढून उठली आणि मी गाडीवर बसले. पुढे टाकीजवळ त्यांनी फोम खाली उतरवला होता आणि दोन्ही कडा तासून सीट चिंचोळी केली होती, म्हणजे पाय फाकत नाहीत, सरळ खाली जातात. माझे बूट टाचेसकट रस्त्यावर टेकले. मी दोनदा उतरून परत बसले. परत टेकले. मला इतका आनंद झाला की मी मास्तरांच्या पाया पडायला वाकले, तर ते झटकन मागे सरकले. "पाया कसल्या पडतस? पाय टेकले ना तुझे? जा."

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी रिहर्सल होती. या वेळी पूर्ण पोशाखात, कारण फोटोवाल्याला दिवसा उजेडी फोटो हवे होते. मी नऊवारी नेसले, कोल्हापुरी चपला घातल्या आणि ऐटीत गाडीवर बसले.

टाचा हवेत.

मी पुढे सरकले, मागे सरकले, श्वास सोडून बघितला. काही नाही. नऊवारीच्या निऱ्या पायांमधून मागे जातात, काष्टा मागे खोचलेला असतो. त्या सगळ्या कापडाने मला चांगलं बोटभर वर उचललं होतं आणि मांड्या फाकवल्या होत्या. बुटांची टाच गेली आणि तिथे सपाट चप्पल आली. वर काठापदराचं लुगडं त्या गुळगुळीत रेक्झिनवर असं घसरत होतं की ब्रेक लावला की मी टाकीवर. मास्तरांनी भुशावर माझी जीन्स बसवली होती. त्यांनी मासे विचारले होते, आजोळ विचारलं होतं. गाडीवर बसताना काय नेसणार हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही बोलले नव्हते.

वहिनी माझ्या पायांकडे बघत होत्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "अगं, ध्वज काय कमी मानाचा असतो का?" त्या म्हणाल्या.

"वहिनी, उद्या सकाळी निघायच्या आधी एकदा बघा. प्लीज. तेव्हा नाही टेकले तर ध्वज द्या, मी हूं की चूं करणार नाही."

आणि मी तशीच, नऊवारीत, नथ घालून, भर दुपारी गिरगावातून लालबागला गेले. दर सिग्नलला फुटपाथच्या कडेला पाय टेकायला जागा शोधत. बाजूच्या बसमधली माणसं मोबाइल काढत होती.

मास्तर जेवून बाकड्यावर लवंडले होते. मला बघून उठले आणि कडाडले, "लुगडा नेसान गाडी चालवतलस ह्या सांगूचा नाय?"

"तुम्ही विचारलंत?" मीही चिडलेच होते. "तासभर माझ्या खानदानाचे मासे मोजलेत! तेवढ्यात एकदा हे विचारता आलं नाही?"

हे आमचं पहिलं खरं भांडण, आणि यात भुशाचं पोतं नव्हतं. बराच वेळ आम्ही दोघंही ओरडत होतो. मग मास्तर माझ्या काष्ट्याकडे बघत राहिले आणि बाकड्यावर बसले.

"माझ्या आवशीन आख्खो जन्म नऊवारी नेसल्यान," ते म्हणाले. "गिरणीत जाय, घराकडे येय, जमिनीर बसान जेवूक वाढी. मी रोज बघी. तिची बैठक माका ठाऊक नाय? आणि माका विचारूक सुचला नाय, गो."

त्यांचा चेहरा इतका पडला की माझा राग कुठल्या कुठे गेला. ज्या माणसाने बाप्पाची बैठक केली त्याला आईची आठवली नव्हती, आणि हे त्यांना फार लागलं. मी पोत्यावर चढून बसले.

या वेळी वाद घालायची गरजच पडली नाही. आम्ही दोघंही काळजीत होतो, मी कशी बसलेय याचं मला भान नव्हतं. त्यांनी मला उतरवलं, भुशातला खळगा बघितला, हाताने चाचपला. मग सीट उसवून फोममध्ये मागे काष्ट्यासाठी एक खोलगट पन्हाळ कोरली आणि पुढच्या कडा आणखी तासल्या. चिकटवायचा तुकडा होता, पण सोल्युशन वाळायला वेळ नव्हता. मास्तर क्षणभर डबा हातात धरून उभे राहिले. मग डबा ठेवून दिला आणि दाभण घेतलं. फोमच्या आरपार सुतळीचे टाके घालायला लागले. सीटला आज झोप नाही, हे ते एका शब्दाने बोलले नाहीत, मीही नाही.

राहिलं घसरणं. त्यांनी रेक्झिनचे चार-पाच प्रकार पोत्यावर टाकले, मी बसून बघितले. सगळ्यांवरून लुगडं सटकत होतं. शेवटी कंटाळून मी एक तुकडा पोत्यावर भिरकावला, तो उलटा पडला, आणि त्याच्यावरच बसले. सरकले नाही. रेक्झिनच्या मागच्या बाजूला खरखरीत कापड असतं ना, त्याने लुगडं धरून ठेवलं होतं.

"मास्तर, हे असंच लावा. उलटं."

"उलटं? माझ्या गाळ्यातून उलटं रेक्झिन जाईल?" त्यांचा अभिमान भडकला. मग माझ्याकडे बघितलं, आणि तो उतरलाही. "बरा. तुझ्या लुगड्याखाली कोणाक दिसता?"

पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी ही आपलीच आयडिया म्हणून सांगितली. मी एकदा समोर बसलेली असतानासुद्धा.

पाडव्याच्या सकाळी मी वहिनींसमोर गाडीवर बसले. मळकट पांढरी, दाभणाच्या टाक्यांची, अगदी कुरूप सीट. मी दोन्ही पाय खाली सोडले आणि चपलांचे तळवे टाचेसकट रस्त्याला लागले. वहिनी खाली वाकल्या, माझ्या टाचेखाली बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही. त्यांनी माझा फेटा सारखा केला आणि हाक दिली, "चला गं, निघा!"

आमच्या वाडीच्या तोंडाशी मिरवणूक थांबली. ढोल सुरू झाला. गॅलऱ्या भरलेल्या होत्या. मी दोन्ही पायांवर उभी होते, गाडी माझ्याखाली शांत उभी होती, आणि वरून कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं. मला रडू आलं. नथ सांभाळत रडले मी, लाज वाटली नाही.

दुपारी तशीच गाडी लालबागला घातली. आईने श्रीखंडाचा डबा दिला होता. गाळा अर्धा उघडा ठेवून मास्तर गुढीसमोर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी गाडीकडे जाऊन सीटवरून हात फिरवला, प्रत्येक टाका नखाने ओढून बघितला. एकही सुटला नव्हता. मग त्यांनी गाळ्याला कुलूप घातलं, डबा काखेत मारला आणि गाडीशेजारी येऊन उभे राहिले.

"माका नायगावाक घराकडे सोड. चालत्या गाडयेर सीट कशी वागता ती बघूया."

"बसा ना मास्तर."

ते उभेच. गाडीच्या एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने गेले. फुटरेस्टवर पाय ठेवला, काढला. रस्त्यावर कोणी बघत नाही ना याची खात्री करून घेतली. मग माझ्या कानाशी वाकून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"ह्याच्यार चढतत कसे, गो? मी कधी बसूक नाय."

मी वळून बघितलं. ते हसत नव्हते. मलाही हसू आलं नाही. मी दोन्ही पाय रस्त्यावर रोवले आणि हँडल घट्ट धरलं.

"माझ्या खांद्यावर हात ठेवा, मास्तर," मी म्हटलं, "आणि बिनधास्त भार टाका. गाडी हलणार नाही."